सेप्टिमा क्लार्क यांचें पुढारीपण

पुढारी हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें बहुधा एक व्यासपीठ उभें राहतें. वर उभा असलेला वक्ता, खालीं हजारोंचा समुदाय, टाळ्यांचा कडकडाट आणि दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांत आलेलें छायाचित्र, एवढा संभार त्या शब्दाबरोबर येतो. ही कल्पना अगदींच चुकीची आहे असें मी म्हणणार नाहीं. मुक्या दुःखाला शब्द देणें हें मोठें काम आहे आणि तें करणारा मनुष्य मोठाच मानला पाहिजे. परंतु वक्ता व्यासपीठावरून उतरला, लोक आपापल्या घरीं गेले, म्हणजे पुढें काय होतें, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. आज ज्या बाईंविषयीं मी बोलणार आहें, त्यांनीं आपलें सारें आयुष्य या एका प्रश्नापाठीमागें घालविलें.

त्यांचें नांव सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची चळवळ म्हटली कीं डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचें नांव आपल्याला लगेच आठवतें. त्याच चळवळींत निरक्षर माणसांच्या हातीं लेखणी देऊन त्यांना मतदार करणारी ही शिक्षिका मात्र आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं. मीहि जन्मभर खडू हातांत धरलेला मनुष्य. तेव्हां ही निवड करतांना आपल्या पेशाचा थोडा अभिमान मनांत होता, हें सांगून टाकलेलें बरें.

सेप्टिमाबाईंचा जन्म ३ मे १८९८ रोजीं साउथ कॅरोलायना संस्थानांतील चार्ल्स्टन या बंदराच्या शहरीं झाला. त्यांचे वडील गुलाम म्हणून जन्मले होते; १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाअखेर गुलामगिरी नष्ट झाली, तेव्हां ते स्वतंत्र झाले. आई लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावी. वडिलांपासून आपल्याला सोशिकपणा मिळाला आणि आईपासून न भिण्याची संवय, असें बाई पुढें सांगत.

गुलामगिरी गेली, आणि १८७० च्या घटनादुरुस्तीनें वर्णावरून कोणाचाहि मताचा हक्क हिरावून घेतां येणार नाहीं असेंहि ठरलें. पण पुढच्या दारानें आंत आलेला हा हक्क मागच्या दारानें बाहेर घालविण्याची युक्ति दक्षिणेकडील संस्थानांनीं शोधून काढली. साउथ कॅरोलायनाच्या १८९५ च्या घटनेंत अशी अट घालण्यांत आली कीं, ज्याला मतदार म्हणून नोंद करावयाची असेल त्यानें घटनेचें कलम वाचून व लिहून दाखवावें, नाहीं तर ३०० डॉलरची मालमत्ता आपल्या नांवें असल्याचें दाखवावें. वरवर पाहतां यांत काळ्यागोऱ्याचा उल्लेखहि नाहीं. पण ज्यांच्या आजा-पणजांना अक्षर शिकविणें हाच त्या संस्थानांत गुन्हा होता, त्यांच्याच नातवंडांना आधीं वाचून दाखवा आणि मग मत द्या असें म्हणणें, म्हणजे विहीर बुजवून तहानलेल्याला पोहरा दाखविण्यासारखें होतें. परीक्षक गोरा, परीक्षेचें स्थळ सरकारी कचेरी. उत्तीर्ण कोणास करावयाचें हें बहुतेक त्याच्या मर्जीवर.

१९१६ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, सेप्टिमाबाई शिक्षिका झाल्या. चार्ल्स्टन शहराच्या सरकारी शाळांत त्या वेळीं कृष्णवर्णीय शिक्षक नेमीत नसत. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांतूनहि नाहीं. म्हणून त्यांना शहराबाहेर, जॉन्स आयलंड या बेटावर नोकरी पत्करावी लागली. बेटाला पूल नव्हता. होडीनें जावें लागे. शाळेंत मुलें १३२ आणि शिक्षिका दोन. सेप्टिमाबाई मुख्याध्यापिकाहि होत्या, आणि त्यांचा पगार होता महिना ३५ डॉलर. रस्त्याच्या पलीकडे गोऱ्या मुलांची शाळा होती. तेथें मुलें तीन, शिक्षिका एक आणि पगार ८५ डॉलर. त्रैराशिक शिकलेल्या कोणत्याहि मुलानें हे आंकडे पाटीवर मांडून पाहावे. त्या काळच्या न्यायाचें वर्णन करण्यास निराळ्या विशेषणांची गरज राहणार नाहीं.

त्या शाळेंत बाईंनीं जें केलें तें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुस्तकें पुरेशीं नव्हतीं. तेव्हां त्यांनीं मोठ्या कागदी पिशव्यांवर स्वतःच धडे लिहिले. आणि ते धडे कोठल्या दूरदेशींच्या राजाराणीचे नव्हते, तर मुलें ज्या वाटेनें शाळेंत येत त्या वाटेचे, तेथील झाडांचे, घरांचे होते. सायंकाळीं बेटावरील प्रौढ माणसें त्यांच्याकडे येत. त्यांच्या मंडळांच्या सभांत उभें राहून कांहीं वाचून दाखवावयाचें असे, भाषण करावयाचें असे. त्यासाठीं त्यांना अक्षर हवें होतें. शिकणाऱ्याला काय हवें आहे तेथून आरंभ करावयाचा, ही रीत बाईंना या बेटानें शिकविली.

पुढील चाळीस वर्षें त्या शिक्षिकाच राहिल्या. १९१९ सालीं चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक नेमावे अशी मागणी पुढें आली, तेव्हां त्या आपल्या वर्गांतील मुलांना बरोबर घेऊन घरोघर सह्या गोळा करीत हिंडल्या. आणि ती मागणी १९२० सालीं मान्य झाली. त्यांचें स्वतःचें जीवन सुखाचें नव्हतें. पहिली मुलगी तान्हेपणींच गेली. १९२५ सालीं पति वारले, तेव्हां पदरीं एक लहान मुलगा होता. नोकरी करतां करतां त्यांनीं १९४२ सालीं बी. ए. आणि १९४६ सालीं एम. ए. ची पदवी मिळविली. काळ्या आणि गोऱ्या शिक्षकांना समान वेतन मिळावें म्हणून कोलंबिया शहरीं जो खटला लढविला गेला, त्यांतहि त्यांचा वांटा होता. थर्गुड मार्शल हे त्यांतील वकील. पुढें १९६७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमले गेलेले पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश ते हेच. १९४५ सालीं न्यायालयानें निकाल शिक्षकांच्या बाजूनें दिला.

आतां मी त्यांच्या आयुष्यांतील अशा एका प्रसंगाकडे वळतों, कीं ज्यांत त्यांना यश आलें नाहीं. पुढारीपणाचा विचार करतांना मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. दक्षिणेकडील सत्ताधाऱ्यांचा त्यामुळें संताप झाला. एन. ए. ए. सी. पी. या नांवानें ओळखली जाणारी, १९०९ सालीं स्थापन झालेली कृष्णवर्णीयांच्या हक्कांची संघटना हे खटले चालवीत असे. १९५६ सालीं साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळानें कायदा केला कीं, सरकारी वा नगरपालिकेच्या कोणत्याहि नोकरानें या संघटनेचें सभासद असतां कामा नये. सेप्टिमाबाईंनीं सभासदत्व लपविलें नाहीं आणि सोडलेंहि नाहीं. त्यांना कामावरून कमी करण्यांत आलें. वय ५८, नोकरी ४० वर्षांची, आणि नोकरीबरोबर निवृत्तिवेतनहि गेलें. श्रोतेहो, निवृत्तिवेतन या शब्दाचें वजन माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकास निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत जो आधार घरीं येतो, तो एका सहीसाठीं सोडून देणें ही साधी गोष्ट नव्हे.

परंतु मी म्हणतों तो प्रसंग याच्या पुढचा आहे. हा कायदा एकट्या बाईंवर आलेला नव्हता; तो सर्व कृष्णवर्णीय शिक्षकांवर होता. सर्वांनीं मिळून विरोध केला तर तो टिकणार नाहीं, असें त्यांना वाटलें. म्हणून त्यांनीं ७२६ शिक्षकांना पत्रें पाठविलीं. उत्तरें आलीं २६. त्यांपैकीं शिक्षणाधिकाऱ्यांपुढें आपल्याबरोबर येण्यास तयार झाले ११. आणि प्रत्यक्ष दिवस उजाडला तेव्हां हजर राहिले ५.

अशा वेळीं सामान्य पुढारी काय म्हणतो तें आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. लोक भित्रे आहेत, कृतघ्न आहेत, या समाजासाठीं कांहीं करण्यांत अर्थ नाहीं, असें म्हणून तो घरीं बसतो. किंवा त्या उरलेल्या ७२१ जणांवर शब्दांचे कोरडे ओढीत गांवोगांव हिंडतो. सेप्टिमाबाईंनीं यांतलें कांहींच केलें नाहीं. आपल्या आयुष्यांतील मोठ्या अपयशांत त्या या प्रसंगाची गणना करीत. पण त्याचा दोष त्यांनीं त्या शिक्षकांच्या माथीं मारला नाहीं. ज्या गोष्टीसाठीं लोकांच्या मनाची तयारी झालेली नाहीं तिच्यांत आपण त्यांना ढकलूं पाहत होतों, असा त्यांनीं त्यापासून धडा घेतला. लोकांना हांक मारण्यापूर्वीं त्यांना तयार करावें लागतें. आणि तयार करणें हें पत्रानें होत नाहीं, व्याख्यानानेंहि होत नाहीं, तें शिकविण्यानें होतें.

माझ्या मतें त्यांच्या पुढारीपणाचा पहिला गुण हा होय. स्वतःचें धैर्य हें इतरांना मोजण्याचें माप करावयाचें नाहीं. शूर मनुष्याला हा संयम फार कठीण जातो. ज्यानें स्वतः नोकरीवर पाणी सोडलें त्याला, नोकरीला चिकटून राहणाऱ्याविषयीं तुच्छता वाटावी हें अगदीं स्वाभाविक आहे. बाईंनीं ती तुच्छता मनांत येऊं दिली नाहीं, म्हणूनच पुढचें काम त्यांच्या हातून झालें.

तें काम कसें सुरू झालें तें आतां सांगतों. टेनेसी संस्थानांत माँटीगल येथें मायल्स हॉर्टन या गोऱ्या गृहस्थानें १९३२ मध्यें हायलँडर नांवाची एक लोकशाळा स्थापिली होती. काळेगोरे एकाच पंक्तीस बसून जेवतात आणि एकाच खोलींत बसून विचार करतात, अशी जागा त्या काळीं दक्षिणेंत विरळाच. सेप्टिमाबाई १९५४ पासून तेथें जाऊं लागल्या. १९५५ च्या उन्हाळ्यांत त्या चालवीत असलेल्या एका शिबिरास माँटगोमेरी शहरांतील एक अबोल बाई आल्या होत्या. त्यांचें नांव रोझा पार्क्स. त्याच वर्षीं १ डिसेंबर रोजीं पार्क्सबाईंनीं बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठीं सोडण्याचें नाकारलें, आणि त्यांतून ३८१ दिवसांचा तो प्रसिद्ध बस-बहिष्कार उभा राहिला. पार्क्सबाईंनीं हें धैर्य केवळ शिबिरांत मिळविलें असें म्हणणें त्यांच्यावर अन्याय करण्यासारखें होईल. त्या आधींपासून कार्यकर्त्या होत्या. पण बोलण्यास भिणारें माणूस जेथें बोलूं लागतें अशी ती जागा होती, एवढें खास.

नोकरी गेल्यावर हॉर्टन यांनीं बाईंना हायलँडरमध्यें बोलावून घेतलें. त्यांच्याच बेटावरील ईसॉ जेन्किन्स नांवाचे गृहस्थ पूर्वीं त्यांच्याबरोबर हायलँडरला येऊन गेले होते. जेन्किन्स हे बस चालवीत. बेटावरील मजुरांना रोज चार्ल्स्टनला नेत व परत आणीत. वाटेंत ते उतारूंना मतदारनोंदणीचा कायदा आणि घटनेचीं कलमें समजावून सांगत. त्यांच्या बसमध्यें ॲलिस वाइन नांवाच्या एक बाई असत. वाचतां येत नसल्यामुळें त्यांनीं नुसतें ऐकून ऐकून कलम मुखोद्गत केलें आणि नोंदणी करून घेतली. पण एवढ्यावर त्यांचें समाधान झालें नाहीं. आपल्याला खरोखर वाचतां आलें पाहिजे, असा त्यांनीं आग्रह धरला. हायलँडरच्या सभेंत तुमच्या गांवाला काय हवें, असें विचारतांच जेन्किन्स यांनीं सांगितलें: मोठ्या माणसांसाठीं शाळा.

ही शाळा ७ जानेवारी १९५७ रोजीं जॉन्स आयलंडवर सुरू झाली. एक जुनी इमारत विकत घेऊन पुढील भागांत सहकारी दुकान काढलें आणि मागच्या खोल्यांत वर्ग भरविला. पुढें साखर-तेल विकलें जात असल्यानें मागें काय चाललें आहे याचा गोऱ्यांना संशय येत नसे. शेताचीं कामें थंडावलेलीं असतात त्या जानेवारी-फेब्रुवारीच्या दिवसांत, आठवड्यांतून दोन रात्रीं, दोन दोन तास शाळा भरे. पहिले विद्यार्थी १४.

आणि शिक्षिका कोण? चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या सेप्टिमाबाई स्वतः नव्हत्या. त्यांनीं आपल्या नात्यांतील बर्निस रॉबिन्सन यांस पुढें केलें. बर्निसबाई कधींहि शिक्षिका नव्हत्या. त्या बायकांचे केस विंचरून सजविण्याचा आणि शिवणकामाचा धंदा करीत. या निवडींत मोठें शहाणपण होतें. त्यांचें गिऱ्हाईक सारें कृष्णवर्णीय; तेव्हां गोरा मालक त्यांना कामावरून काढून टाकील ही धास्ती नव्हती. लोकांचें बोलणें ऐकून घेण्याची त्यांना संवय होती. आणि शिकविण्याचा धंदा न केल्यामुळें, प्रौढ माणसाला पोर समजून बोलण्याची जी खोड आम्हां मास्तर मंडळींच्या अंगीं मुरलेली असते, ती त्यांच्या ठायीं नव्हती.

पहिल्या रात्रीं बर्निसबाई लहान मुलांचीं क्रमिक पुस्तकें घेऊन गेल्या, आणि तीं या वर्गास शोभणारीं नाहींत हें त्यांच्या तत्काळ ध्यानांत आलें. त्यांनीं तीं बाजूस ठेवलीं आणि तुम्हांला काय शिकावयाचें आहे, असें विद्यार्थ्यांनाच विचारलें. कोणाला स्वतःचें नांव लिहावयाचें होतें. कोणाला बायबल वाचावयाचें होतें. कोणाला टपालानें माल मागविण्याचा फॉर्म भरावयाचा होता, कोणाला मनीऑर्डर करावयाची होती. आणि सर्वांना घटनेचें तें कलम वाचावयाचें होतें. हाच त्या शाळेचा अभ्यासक्रम झाला. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा भिंतीवर लावला होता; सत्र संपेपर्यंत तो सर्वांनीं वाचावा, अशी अपेक्षा होती.

नांव लिहावयास शिकविण्याची सेप्टिमाबाईंची रीत साधी होती. पुठ्ठ्यावर विद्यार्थ्याचें नांव मोठ्या अक्षरांत लिहून द्यावयाचें. त्यानें त्यावरून पेन्सिल पुनः पुनः फिरवावयाची, हाताला वळण लागेपर्यंत. नांगराची मूठ घट्ट धरण्याची संवय झालेल्या हातांत पेन्सिली मोडत. मोडली तर दुसरी द्यावयाची, रागें भरावयाचें नाहीं. आपल्याकडे जुन्या कागदपत्रांत ‘निशाणी डावा अंगठा’ असे शब्द आढळतात. ज्यानें आयुष्यभर अंगठा उठविला किंवा फुली मारली, त्याला बँकेंत वा कचेरींत उभें राहून आपल्या हातानें सही करतां आली म्हणजे त्याच्या मानेंत जो ताठपणा येतो, तो कोणत्याहि व्याख्यानानें येत नाहीं. मत मागण्यास जाणाऱ्या माणसाला कायद्यापूर्वीं याच ताठपणाची गरज असते.

एका बेटावरील ही शाळा पाहून शेजारच्या वॉडमलॉ आणि एडिस्टो बेटांनींहि शाळा मागितल्या. वाढत्या कामावर सरकारचा डोळा गेला. ३१ जुलै १९५९ रोजीं पोलिसांनीं हायलँडरवर छापा घातला आणि ६१ वर्षांच्या सेप्टिमाबाईंना मद्य बाळगल्याच्या आरोपावरून पकडून नेलें. मागें राहिलेल्या मुलामुलींनीं अंधारांत गाणें चालू ठेवलें. दोन वर्षांनीं टेनेसी संस्थानानें हायलँडरची सनदच रद्द केली. परंतु तत्पूर्वीं शाळांचें हें काम डॉ. किंग यांच्या सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स या संस्थेकडे सोंपविलें गेलें होतें. १९६१ पासून जॉर्जिया संस्थानांत डॉर्चेस्टर येथें जुन्या मिशनरी शाळेच्या इमारतींत शिक्षकांचे वर्ग भरूं लागले. डॉरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग हे बाईंचे सहकारी. आठ-दहा संस्थानांतून माणसें बसनें येत, पांच दिवस राहत, आणि परत जाऊन आपल्या गांवीं शाळा काढीत.

येथेंहि शिक्षक निवडण्याची कसोटी तीच. पदवी नको. मोठ्यानें वाचतां यावें, फळ्यावर स्पष्ट लिहितां यावें, आणि गांवांत ज्याच्या शब्दाला मान आहे असें माणूस असावें. कोणी शेतमजूर, कोणी शिवणकाम करणारी, कोणी न्हावी. बाईंच्या देखरेखीखालीं सुमारें १०,००० शिक्षक असे तयार झाले. १९५७ ते १९७० या काळांत ८९७ शाळा चालल्या, असें त्यांनीं स्वतः नमूद केलें आहे. या शाळांतून शिकून गेलेल्यांपैकीं एक नांव सांगतों. मिसिसिपींतील कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या फॅनी लू हेमर १९६२ सालीं मतदारनोंदणीस गेल्या, म्हणून मालकानें त्यांना मळ्यावरून घालवून दिलें. जून १९६३ मध्यें अशाच एका वर्गाहून परत येत असतां विनोना गांवीं त्यांना तुरुंगांत घालून निर्दयपणें मारण्यांत आलें. त्याच हेमरबाईंनीं ऑगस्ट १९६४ मध्यें डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या समितीपुढें ही हकीकत सांगितली, आणि ती साऱ्या राष्ट्रानें ऐकली.

सेप्टिमाबाईंच्या पुढारीपणाचा दुसरा गुण मला यांत दिसतो. काम आपल्यावांचून चालावें, अशी त्याची रचना त्यांनीं केली. शिकविण्याची हौस असलेल्या शिक्षिकेनें वर्ग दुसरीच्या हातीं देणें, ही त्यागाची गोष्ट आहे. निवडणूक, अध्यक्षपद, हारतुरे यांचा त्याग आपण वाखाणतों; पण आपल्याला जें उत्तम येतें तें दुसऱ्याला करूं देणें, तें प्रारंभीं आपल्याइतकें चांगलें होणार नाहीं हें ठाऊक असूनहि करूं देणें, हा त्याग कमी लोकांना साधतो. घरांतल्या सुनेच्या हातीं स्वयंपाकघर सोंपवितांना वडीलधाऱ्या बायकांच्या मनाची जी ओढाताण होते, ती आठवली तर माझें म्हणणें ध्यानांत येईल.

हीच गोष्ट त्यांनीं डॉ. किंग यांनाहि सांगितली. जेथें तेथें मोर्चाचें नेतृत्व आपणच करूं नये, त्या त्या गांवच्या माणसांना पुढें करून त्यांना पुढारी होऊं द्यावें, असें पत्र त्यांनीं लिहिलें. तें पत्र कार्यकर्त्यांपुढें वाचलें गेलें, आणि मंडळी हंसली. कार्यकारी मंडळांत या बाई कशाला, असा प्रश्न विचारणारेहि त्यांत होते. बाईंच्या म्हणण्याप्रमाणें त्या संस्थेंत बायकांच्या बोलण्याला पुरुष फारशी किंमत देत नसत. आणि हें त्यांनीं पुढें कोणाचीहि भीड न ठेवतां लिहून ठेवलें आहे. परंतु त्या रागावून निघून गेल्या नाहींत, कीं डॉ. किंग यांच्याविषयींचा त्यांचा आदरहि कमी झाला नाहीं. डॉ. किंग यांचीहि बाजू सांगितली पाहिजे. त्यांनीं या प्रश्नकर्त्यांपुढें बाईंचा पक्ष उचलून धरला. आणि १९६४ सालीं नोबेल शांतता-पारितोषिक स्वीकारण्यास ऑस्लोला गेले तेव्हां बरोबर नेलेल्या मंडळींत सेप्टिमाबाई होत्या.

कोणी म्हणेल, केवळ शाळा काढून का हक्क मिळाले? मोर्चे निघाले नसते, न्यायालयांत खटले झाले नसते, डॉ. किंग यांच्या वाणीनें देशाची झोंप उडाली नसती, तर साक्षर झालेल्या माणसालाहि परीक्षकानें नापासच केलें असतें. हा आक्षेप खरा आहे. ६ ऑगस्ट १९६५ रोजीं मताधिकाराचा कायदा झाला आणि दक्षिणेंतील ती वाचनाची परीक्षा बंद पडली, हें चळवळीच्या सर्व अंगांचें मिळून फळ होय. पण दुसरी बाजूहि पाहावी. कायदा झाल्याच्या दुसऱ्या दिवशीं कचेरीच्या दारांत जाऊन उभें राहणारें माणूस कोठून आलें? रांगेंत पुढें कोण होतें, मागच्यांना फॉर्म कसा भरावयाचा हें कोण सांगत होतें? गांवोगांव तीं माणसें आधींच तयार करून ठेवलेलीं होतीं. वाणीनें दार उघडलें असेल. उंबरठा ओलांडण्याचें बळ पायांत असावें लागतें, आणि तें एका दिवसांत येत नाहीं.

सेप्टिमाबाई १९७० सालीं संस्थेच्या कामांतून निवृत्त झाल्या. ज्या चार्ल्स्टनमध्यें त्यांची नोकरी गेली होती, त्याच जिल्ह्याच्या शाळामंडळावर १९७५ सालीं मतदारांनीं त्यांना निवडून दिलें. १९७६ सालीं त्यांचें निवृत्तिवेतन त्यांना परत मिळालें. बुडालेल्या पगाराची भरपाई मंजूर होण्यास १९८१ साल उजाडलें. १५ डिसेंबर १९८७ रोजीं, वयाच्या ८९ व्या वर्षीं, जॉन्स आयलंड या बेटावरच त्यांचें निधन झालें.

श्रोतेहो, आपल्यापैकीं फार थोड्यांवर व्यासपीठावर उभें राहण्याची पाळी येते. पण एखादी संस्था, एखादें मंडळ, सोसायटी, वाचनालय, निदान एक घर, यांचा कारभार आपणां बहुतेकांच्या हातीं असतो. तेथें आपण पुढारी आहों कीं नाहीं हें पाहावयाचें असेल तर, आपल्या मागें किती लोक चालतात हें मोजण्याची जरूर नाहीं. आपण चार महिने आजारी पडलों तर तें काम कोण चालवील, त्या माणसाचें नांव आपल्याला सांगतां येतें काय, आणि त्याला आपण आजवर काय शिकविलें, एवढें स्वतःस विचारावें. सेप्टिमाबाईंना त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल सुमारें दहा हजार नांवें सांगतां आलीं असतीं. आपल्याला एक जरी सांगतां आलें, तरी आरंभ झाला असें मी म्हणेन.